किती किलोबिटांचा तानपुरा?

विषयाचं नाव वाचून काही जण म्हणाले, हा संगणक दुरुस्तीचा वर्ग दिसतोय, आपण संगीताचे लोक, आपलं तिथं काय काम. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. सीडी संगणकात उतरवताना आपण जो आकडा निवडतो, १२८, १९२, ३२०, तो आकडा म्हणजे संगीताबद्दल केलेलं एक विधान असतं. यातलं काय ठेवायचं आणि काय टाकलं तरी चालेल, हे तो सांगतो. आणि काय टाकलं तरी चालेल हे ठरवणं म्हणजे समीक्षाच. फक्त ती यंत्राकडून करून घेतली जाते आणि करवून घेणाऱ्याला आपण समीक्षा केली हे कळतही नाही. म्हणून आज या आकड्यांची समीक्षा.

सोलापुरात गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. घरातले जुने रसिक जातात. मागे दोन कपाटं भरून सीडी उरतात. मुलं पुण्यात, हैदराबादेत, नाहीतर परदेशात. घर विकायचं असतं किंवा निदान रंगवायचं असतं. प्लेअर बंद पडलेला, नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. मग निरोप येतो : "तेवढं सगळं पेनड्राइव्हवर घेऊन द्या की, म्हणजे डबे रद्दीला घालायला मोकळे. आणि हो, एमपी३ करताना किती ठेवायचं, १२८ की ३२०?" प्रश्न विचारणाऱ्याची काही चूक नाही, त्याला आवरायचंय. पण बघा, या वाक्यात दोन गोष्टी एकत्र आल्यात. आकडा ठरणार आणि त्यानंतर मूळ तबकडी जाणार. म्हणजे आकडा चुकला तर दुरुस्तीची सोय नाही. चाळीस वर्षं पगारातून पैसे वाचवून जमवलेला संग्रह एका संध्याकाळी, एका खटक्यात, कायमचा ठरून जातो.

आधी हिशेब करू. १९८० च्या सुमारास फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीचं प्रमाण ठरवलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये ती विक्रीला आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे १,४११ किलोबिट. आता १२८ चा एमपी३ म्हणजे काय? अकरा भागांचं सामान एका भागाच्या पिशवीत. ३२० म्हणजे साडेचार भागांचं एका भागात. समजा तुमच्याकडे ५०० सीडी आहेत आणि प्रत्येक तासाभराची आहे. आहे तसं उतरवलं तर साधारण ३१७ गिगाबाइट, ३२० च्या एमपी३ मध्ये ७२ आणि १२८ मध्ये २९. फ्लॅक नावाच्या प्रकारात, जिथं काहीच टाकलं जात नाही तिथं, १६० ते १९० च्या आसपास. आज साधी एक टेराबाइटची डिस्क घेतली तर फ्लॅकमधला हा सगळा संग्रह तिच्या पाचव्या हिश्शात मावतो. जागेची काटकसर हे १९९९ मधलं कारण होतं. तेव्हा ते खरंही होतं. आज ते कारण सांगून कोणी घरातला संग्रह १२८ वर उतरवत असेल, तर ती काटकसर नाही, सवय आहे.

आता काहीच न टाकता सामान निम्मं कसं होतं, हा प्रश्न हटकून येतो. आपण सोलापूरकर, चादरीचं उदाहरण घेऊ. जॅकार्ड मागावर चादर विणताना कोणी हजारो धाग्यांचं वर्णन एकेक करून सांगत नाही. नमुना एकदा पुठ्ठ्यावर छिद्रांनी टोचलेला असतो, माग तो पुन्हा पुन्हा वाचतो. समजा एखाद्याला हुबेहूब तीच चादर परगावी विणायची आहे. त्याला नमुना कळवायचा, आणि जिथं जिथं प्रत्यक्ष वीण नमुन्यापेक्षा वेगळी पडलीय तेवढ्या जागा कळवायच्या. चादर धाग्याधाग्यानं तीच तयार होते. फ्लॅक हेच करतो. मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधतो आणि अंदाज व खरं यातला फरक तेवढा लिहून ठेवतो. जॉश कोलसन यांनी २००१ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती दिली. तो कोणाच्या मालकीचा नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणसंस्थेनं त्याचं वर्णन अधिकृतपणे प्रसिद्ध केलं. त्यात ० ते ८ अशा पायऱ्या असतात. लोक घाबरतात, ० म्हणजे खराब आणि ८ म्हणजे उत्तम का? तसं नाही. आवाज सगळ्यांत एकच. ८ वर संगणक जरा जास्त वेळ डोकं खाजवतो आणि फाइल किंचित लहान होते, एवढंच. मूळचीच ५ ठेवा आणि विसरून जा.

एमपी३ चं तत्त्व वेगळं आहे. तो म्हणतो, माणसाच्या कानाला जे ऐकू येणारच नाही ते कशाला साठवायचं? मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज झाकला जातो, हे खरंच आहे. हलगी वाजत असताना शेजारच्याच्या बांगड्या ऐकू येत नाहीत. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी या झाकलं जाण्याचं गणित मांडलं आणि १९९३ मध्ये ते प्रमाण म्हणून छापून आलं. सुझान वेगा या गायिकेचं कसल्याही साथीशिवायचं एक गाणं ब्रांडेनबुर्ग यांनी परीक्षेसाठी वापरलं, कारण सुरुवातीच्या प्रयोगांत त्या एकट्या आवाजाची पार वाट लागत होती. ही गोष्ट आता प्रसिद्ध आहे.

ती ऐकून आपल्याकडे एक युक्तिवाद तयार झाला. सभांमधून आम्ही तो अनेकदा ऐकलाय : हे यंत्र पाश्चात्त्यांच्या कानावर बेतलंय, त्याला आपल्या श्रुती काय कळणार. टाळ्या मिळवायला वाक्य छान आहे. पण मान्य करण्यासारखं नाही. एका स्वरानं दुसरा झाकला जाणं ही कानाच्या आतल्या शंखाची गोष्ट आहे आणि तो शंख म्युनिकमध्ये आणि मंगळवेढ्यात सारखाच असतो. युरोपीय प्रसारण संघाच्या चाचणी-तबकडीवर कॅस्टनेट्स आहेत. त्या लाकडी चिपळ्याच समजा. चिपळ्यांवर जे यंत्र नापास होतं ते टाळांवरही नापास होतं. तेव्हा वंशाभिमान बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच आहे की आपल्या संगीतात अवघड जागा कुठं येतात आणि किती येतात. तिथं मात्र सांगण्यासारखं बरंच आहे.

तानपुऱ्यापासून सुरू करू. मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठावरून जातो, तेव्हा त्याच्यावर आपला थोडा हक्क आहेच. गायकानं काळी एकला षड्ज लावला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. जवारी नीट लागली की तिचे वरचे स्वरांश ६९-६९ च्या अंतरानं, एकावर एक, दाट उभे राहतात आणि सतत उजळत-मावळत असतात. एमपी३ ची चाळणी काय करते? सगळ्या ध्वनिपट्ट्याचे ५७६ भाग करते, म्हणजे एक भाग सुमारे ३८ हर्ट्झचा. दोन स्वरांशांच्या मध्ये दोन भागही धड बसत नाहीत. बिट पुरेसे असले तर यंत्र निभावून नेतं. १२८ ला गायक, हार्मोनियम, तबला सगळे एकदम मागायला लागले की पहिला घास तानपुऱ्याचा जातो. शिवाय स्पष्ट स्वर असलेला आवाज गोंगाटाला चांगला झाकत नाही. गोंगाट मात्र स्वराला झाकतो. त्यामुळे तानपुऱ्याच्या आसपास यंत्रानं केलेली चूक लपायला जागाच नसते. ऐकताना काय होतं? तानपुरा बंद पडत नाही. तो पाण्याखाली गेल्यासारखा होतो. जवारीची ती फिरती चकाकी जाते आणि एक सपाट भणभण उरते. कानाला लगेच खटकत नाही. पण गायक षड्जावर येऊन थांबतो तेव्हा ज्यात मिसळायचं ते तिथं नसतं. ख्यालात अशा जागा किती येतात ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

(इथे तानपुऱ्याचा एकच तुकडा फ्लॅक, १२८ आणि १९० च्या आसपासचा बदलता दर अशा तीन रूपांत ऐकवण्यात आला.)

दुसरी अवघड जागा टाळ, झांज, हलगी, तबल्याची चाट. इथं भानगड वेळेची आहे. एमपी३ आवाजाचे छोटे गाळे करून काम करतो आणि चूक त्या गाळ्यात सगळीकडे सारखी पसरते. आघात गाळ्याच्या शेवटी असेल तर आघाताच्या आधीच त्याची धूळ उडालेली ऐकू येते, 'टक्' च्या आधी एक पुसट 'फस्'. यंत्राला अशा जागी लहान गाळे वापरायची सोय आहे, पण बिट कमी असले की तीही तोकडी पडते. आता वारकरी भजन घ्या. पन्नास टाळ एकदम. प्रत्येक टाळाला आघातही आहे आणि वर १०-१५ हजार हर्ट्झपर्यंत किणकिण लांबणारी शेपटीही. म्हणजे दोन्ही अवघड गोष्टी एकाच जागी. आम्हाला विचाराल तर एमपी३ च्या परीक्षेसाठी पंढरपूरच्या एका दिंडीएवढा कडक परीक्षक नाही. १२८ वर ते टाळ वाळू चाळल्यासारखे लागतात. आणि गंमत अशी की आपल्याकडे सर्वांत जास्त १२८ मध्येच काय फिरलं असेल तर भजनं. गड्ड्याच्या यात्रेत 'एका तबकडीत दीडशे गाणी' अशा एमपी३ सीडी विकत घेतलेली पिढी आज इथं बसलीय. तिनं टाळ असेच ऐकले, आणि आता खरे टाळ ऐकवले तर तिच्यातले काही म्हणतात की हे जरा टोचतात.

तिसरी जागा जुन्या रेकॉर्डांची, आणि इथं आमचा निकाल तुम्हाला अपेक्षित नसेल. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पुढे कॅसेटवर आणि सीडीवर आल्या. झिंझोटीतली ती ठुमरी इथं कोणी ऐकली नाही असं होणार नाही. त्या रेकॉर्डमध्ये संगीत म्हणावं असं वरच्या पट्टीत फार नाही, त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची झेपच तेवढी. वर आहे ती तबकडीची खरखर. सुज्ञ माणूस म्हणेल, मग इथं १२८ पुरे, खरखर गेली तर बरंच. पण खरखर म्हणजे गोंगाट, आणि गोंगाटाचा पुढचा नमुना सांगता येत नाही, त्यामुळे तो यंत्राला सर्वांत महाग पडतो. कमी बिटांत तो जात नाही, बिघडतो. एकसारखी सरसर होती तिची गुळगुळ होते, आणि खाँसाहेबांचा तो अतितलम आवाज त्या गुळगुळीत हलायला लागतो. एकसारख्या खरखरीला कान दहा सेकंदांत सोडून देतो. हलत्या गुळगुळीला सोडत नाही. त्यामुळे जुन्या रेकॉर्डला कमी दर्जा चालतो हा समज काढून टाका. एक सोय मात्र आहे. अशा सीडीवर डावा आणि उजवा मार्ग अनेकदा अगदी एकच असतात. फ्लॅक ते ओळखतो आणि एकदाच लिहितो. एमपी३ मध्ये 'जॉइंट स्टिरिओ' नावाचा जो पर्याय लोक दर्जा घसरेल या भीतीनं बंद करतात, तो इथं चालूच हवा. तो बंद केला तर यंत्र एकच खाँसाहेब दोनदा लिहीत बसतं, निम्मे निम्मे बिट वाटून.

आता कोणी म्हणेल, तीन मिनिटांच्या तबकडीत राग कोंबला तेव्हा काय कमी टाकलं होतं? हे बरोबर आहे, आणि समीक्षकानं ते विसरू नये. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायल्या तेव्हापासून प्रत्येक माध्यमानं गायकाला सांगितलंय, एवढीच जागा आहे. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर आकाशात गेली. त्या तबकडीवर जास्त संगीत मावावं म्हणून तिचा वेग ३३⅓ च्या निम्मा ठेवला, म्हणजे जागा आणि दर्जा यांचा सौदा तिथंही झाला. फरक असा, की तीन मिनिटांत काय गायचं हे खाँसाहेबांनी स्वतः ठरवलं. त्यात त्यांची प्रतिभा होती, त्या तीन मिनिटांची रचना होती. आपण घरी बसून १२८ निवडतो तेव्हा गायकाला कोण विचारतं?

तर मग ३२०? दुकानदारापासून भाच्यापर्यंत सगळे हेच सांगतात : ३२० टाका, झालं. या सल्ल्यावर आमचा खरा आक्षेप आहे. ३२० हा एमपी३ चा सर्वांत मोठा दर, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण तो मूळ नाही. उद्या त्यातून दुसऱ्या प्रकारात फाइल करायची वेळ आली, आणि ती येणारच, की झेरॉक्सची झेरॉक्स सुरू. मोबाइलसाठी म्हणाल तर तो गरजेपेक्षा मोठा आहे, कारण शांत आलापालाही तेवढेच बिट देतो आणि टाळांच्या गदारोळालाही तेवढेच. जपणुकीला उणा आणि वापराला अवजड. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्याऐवजी काम दोन टप्प्यांत करा. घरी ठेवायची प्रत फ्लॅक. तिला पुन्हा हात लावायचा नाही. तिच्यातून फोनसाठी, गाडीसाठी, आत्याच्या छोट्या स्पीकरसाठी हव्या तेवढ्या हलक्या प्रती काढा. ओपस हा २०१२ चा प्रकार फोनवर चालत असेल तर १२८ ला तो एमपी३ पेक्षा कितीतरी चांगलं काम करतो. एमपी३ च हवा असेल तर लेम नावाचं मोफत यंत्र वापरा आणि बदलता दर ठेवा, 'व्ही२' म्हणजे सरासरी १९० च्या आसपास, फार काळजी असेल तर 'व्ही०', सुमारे २४५. तिथं षड्जावरच्या विसाव्याला कमी बिट आणि झाल्याला जास्त, अशी वाटणी होते.

तुम्हाला फरक ऐकू येतो की नाही, हे आमच्यावर विश्वास ठेवून मानू नका. दोन प्रती घ्या आणि कुठली कोणती हे न सांगता दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला लावा. सोळा वेळा ओळखा. बारा किंवा जास्त बरोबर आल्या तर मानू, कारण नुसत्या अंदाजानं तेवढ्या येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी. या परीक्षेला बसण्यापूर्वी अनेक जण फार तावातावानं बोलतात. नंतर जरा सौम्य होतात. 'व्ही२' आणि मूळ यांत बहुतेकांना बहुतेक संगीतावर फरक सांगता येत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. फ्लॅक ठेवायचं ते आजच्या कानासाठी नव्हेच. मूळ तबकडी उद्या नसेल, म्हणून.

आकड्याबाहेरचे काही खटके त्याहून घातक आहेत, पण त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. 'सुरुवातीची शांतता कापा' हा त्यातला पहिला. यंत्राला शांतता वाटते ती अनेकदा शांतता नसते. हळूहळू वर येणारा तानपुरा असतो. तो कापला की गायक दार उघडल्याबरोबर अंगावर येतो. दुसरा 'सगळ्यांचा आवाज सारखा करा'. हे फाइलच्या आत बदल करून करू नका. फाइलला नुसती टीप जोडून वाजवताना पातळी जुळवण्याची सोय आहे, ती वापरा. तिसरी गोष्ट जोडांची. मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे वेगळे क्रमांक असतात, पण मध्ये आवाज तुटलेला नसतो. सीडीवरचा क्रमांक म्हणजे पुस्तकातली खूण, पान फाडलेलं नव्हे. एमपी३ मध्ये मात्र प्रत्येक फाइलच्या डोक्याला आणि शेपटीला थोडी रिकामी जागा चिकटते. नुसती डोक्याकडचीच सुमारे २५ मिलिसेकंद, दोन्ही मिळून सहज ५०. मिनिटाला ३०० मात्रांची द्रुत तीनताल चालू असेल तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. म्हणजे पाव मात्रेचा खड्डा, तोही कदाचित समेच्या तोंडावर. लेम ही जागा किती ते फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चांगला प्लेअर ती गाळतो. साधा गाळत नाही. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता नावांचं. इथं जरा थांबू, कारण सोलापूरच्या संग्रहात खरी पडझड इथं होते. यंत्राला ठाऊक असलेले रकाने तीन-चार : गायक, अल्बम, संगीतकार, वर्ष. राग कुठं लिहायचा? ताल? तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण? लोक रागाचं नाव 'संगीतकार' मध्ये घालतात नाहीतर सोडून देतात. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ ची. वसंतराव देशपांड्यांचं नाव कोणी विसरत नाही, संगीतकार म्हणून अभिषेकीबुवांचंही विसरत नाहीत, पण एकच 'गायक' रकाना असला की आपल्या सोलापूरच्या फैय्याज कुठं जातात ते बघा. साथीदारांचं तर विचारूच नका. सीडीच्या डब्यातल्या पुस्तिकेवर त्यांची नावं छापलेली असतात आणि पुस्तिका जाते रद्दीत. फ्लॅकमध्ये हवे तेवढे रकाने स्वतः करता येतात. रकान्याचं नाव रोमन अक्षरांत लागतं, मजकूर कुठल्याही लिपीत चालतो. हे आपल्या गावाला फार महत्त्वाचं. इथल्या कपाटात मराठी नाट्यपदांशेजारी सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं असतात, मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं असतात, तेलुगू असतं, दखनी कव्वाली असते. कन्नड वचन कन्नडात लिहा, शेजारी देवनागरीत लिहा. जुन्या एमपी३ च्या शेपटीतल्या रकान्याला ३० बाइटांची मर्यादा होती आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. त्या हिशेबानं 'अब्दुल करीम' एवढंच नाव ३१ बाइट होतं. खाँसाहेब एका बाइटानं दाराबाहेर!

तयार माहिती इंटरनेटवरून आपोआप येते खरी, पण आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांच्या सीडी तिथं अनेकदा सापडत नाहीत. तेव्हा हातानं लिहायला बसावं लागतं. एका सीडीला वीस मिनिटं धरा. संग्रहाचा खरा खर्च हा आहे, डिस्कचा नाही. आणि लिहिणारा असा हवा ज्याला बागेश्री आणि रागेश्री यांतला फरक कळतो. घरात असं कोणी उरलं नसेल तर पुस्तिकेचे आणि मागच्या कागदाचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढे कोणीतरी लिहील.

प्रश्न आलेत, दोन घेऊ.

पहिला : "सीडी संगणकात नुसती कॉपी केली तर चालत नाही का?" नाही. गाण्याच्या सीडीवर फाइली नसतात, एक सलग धारा असते. कागदपत्रांच्या सीडीवर चूक दुरुस्त करायला जो जादा थर असतो तो गाण्याच्या सीडीवर नाही. ओरखडा मोठा असला की ड्राइव्ह मधला आवाज अंदाजानं भरतो आणि तुम्हाला सांगत नाही. म्हणून तपासून वाचणारा प्रोग्रॅम वापरा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा १९९८ पासून मोफत मिळतो. जगात दुसऱ्या कोणी तीच सीडी वाचली असेल तर तो तिच्याशी ताडून पाहतो. नसेल, आणि आपल्या भजनांच्या सीडींचं बहुधा नसेलच, तर दोनदा वाचा आणि दोन्ही वाचनं जुळतात का ते पाहा.

दुसरा प्रश्न मघापासून मागच्या रांगेतल्या काका विचारतायत : कपाटात दुकानातल्या सीडी आहेत आणि घरी लिहिलेल्याही आहेत, सुरुवात कुठून करू? काका, घरी लिहिलेल्यांपासून. छापील सीडीचा थर धातूचा असतो, तिच्या प्रती दुसऱ्याही घरांत असतील. घरी लिहिलेली सीडी रंगाच्या थरावर असते आणि तो थर ऊन आणि उष्णता सोसत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते तुम्ही जाणता. २००० नंतरच्या काही वर्षांत लोकांनी घरगुती मैफिलींच्या कॅसेटी अशा सीडींवर उतरवल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. म्हणजे गणपतीतलं एखादं गाणं, कोणाच्या तरी साठीची मैफल, तिची ती एकमेव प्रत. त्यातल्या काही सीडींवर मुळात एमपी३ वरूनच आवाज गेलेला असतो. ध्वनीचं चित्र काढून बघा, १६ हजार हर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखी रेघ दिसली तर बहुधा तेच. तरीही ती फ्लॅकमध्येच उतरवा. गेलेलं परत येणार नाही, पण आणखी जाणार नाही, आणि तशी नोंद फाइलमध्ये करून ठेवा. दोन डिस्कवर प्रत घ्या आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. ही तुमची तुमच्यापुरती प्रत. १९५७ च्या कायद्यात खासगी वापराला सवलत आहे, पेनड्राइव्ह भरून वाटायला नाही. आणि छापील सीडींचे डबे इतक्यात रद्दीला घालू नका. वर्षभर ठेवा. फाइली उघडतात का, नावं बरोबर आहेत का, हे वर्षात एकदा तरी निवांत बसून ऐकाल, तेव्हा चारदोन सीडी पुन्हा वाचाव्या लागतीलच. येत्या रविवारी लिहिलेल्या सीडी तेवढ्या घेऊन या, आमच्याकडे दोन ड्राइव्ह आहेत.